उंबराच्या फांदीवरची खुर्ची

उंबराई देवीच्या पुस्तकात खुर्ची सापडली, ही बातमी मला सकाळी साडेनऊला दुकानाचं शटर वर करतानाच मिळाली. सापडली असेल तर बसा तिच्यावर, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण फोनवर कुंडलिककाका होते आणि त्यांचा आवाज रडकुंडीला आला होता, म्हणून गप्प बसले.

आधी माझं सांगते. मी कुणाली. शहापूरला एसटी स्टँडच्या मागे माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दशक्रियेची कार्डं, सगळं कॉम्प्युटरवर जुळवून द्यायचं आणि छापायला मुरबाडला पाठवायचं, हे माझं काम. तेरा वर्षांत माझ्या हातून चूक झालेली नव्हती. चूक सापडलीच तर ती गिऱ्हाइकाची असायची, आणि तसं मी त्याच्याकडून लिहून घ्यायचे. लोक मला भांडकुदळ म्हणतात. मी भांडकुदळ नाही. मला दुसऱ्याची चूक जरा लवकर दिसते, एवढंच.

कुंडलिककाका म्हणजे शिरखोऱ्याच्या देवस्थान मंडळाचे अध्यक्ष. शेणव्यावरून डोळखांबच्या अंगाला गेलं की शिरखोरं लागतं. काकांनी पोस्टात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर ‘उंबराई माहात्म्य’ लिहिलं, चांगलं चाळीस पानांचं, ओव्यांमध्ये. त्यातली चित्रं वरच्या पाड्यावरच्या सावळीकाकूंनी काढली होती. आसपासच्या वाड्यांत लग्न असलं की भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहायला काकूंनाच बोलावणं जातं. गेरू फासलेल्या कागदावर तांदळाच्या पिठाने काढलेली सात चित्रं, आणि सातही अशी देखणी की काकांच्या ओव्या त्यांच्या शेजारी बिचाऱ्या वाटत होत्या. हे मी काकांना बोलले नाही. मलाही कधीकधी गप्प बसता येतं.

खुर्ची सापडली ती सतराव्या पानावर. त्या पानावर देवी उंबराखाली उभी आहे आणि भुकेल्या वाटसरूच्या ओंजळीत उंबरं टाकते आहे. तिच्या डोक्यावरून एक आडवी फांदी गेली आहे आणि त्या फांदीवरून काहीबाही खाली लोंबतंय. ते लोंबणारं म्हणजे खुर्ची, असं गावाचं म्हणणं पडलं. एरवी कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण आठ दिवसांवर ग्रामपंचायतीचं मतदान होतं. सरपंचपदाला दोघे उभे होते, देवजी आणि विपुल. विपुलचं चिन्ह शिट्टी, आणि देवजीचं चिन्ह खुर्ची.

विपुलने सतराव्या पानाचा फोटो काढला, फांदीभोवती लाल गोल मारला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘देवीच्या नावाखाली प्रचार! झाडाला खुर्ची कोणी टांगली? शेजारी टेबल पण आहे, नीट बघा.’

फोटो मोठा करून पाहिला. आणि काय सांगू, खुर्ची होती! उभी पाठ, त्यातून पुढे आलेली बसायची फळी, फळीच्या टोकाला गाठीसारखं काहीतरी. पाय मात्र एकच. पलीकडे दोन पायांचं टेबलही होतं. सरपंचाच्या ऑफिसात याहून जास्त सामान नसतंच.

दुपारपर्यंत त्या ग्रुपवर नुसता धुमाकूळ. प्रत्येकाला काहीतरी सापडायला लागलं. देवजीच्या माणसांना देवीच्या केसात शिट्टी सापडली. शाळेच्या गुरुजींना पारंब्यांमध्ये ठाणे जिल्ह्याचा नकाशा दिसला, तोही विभाजनाच्या आधीचा. भिमा नावाच्या एका शेतकऱ्याने बाराव्या पानावर दिवाळीत हरवलेली आपली म्हैस ओळखली, मोडक्या शिंगासकट, आणि चित्र काढणारीला ती कुठे दिसली होती ते विचारा, असा तगादा लावला. उंबराला पारंब्या नसतात, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मी काकांना परत फोन करून म्हटलं, “अहो, चित्रं दिवाळीला काढलीत. चिन्हं गेल्या आठवड्यात मिळाली. मग त्या बाईला खुर्ची कशी कळणार?”

“ते बोल्लो ना मी,” काका म्हणाले. “तर विपुल बोलतो, मंग देवजीनं पुस्तक बघूनच खुर्ची मागितली.”

“आणि देवजी काय म्हणतो?”

“तो बोलतो, मी ट्रॅक्टर मागितला व्हता, माझ्या माथी खुर्ची मारली. त्याचा कोन ऐकतो?”

इथपर्यंत मला हसू येत होतं. पण पुढचं ऐकलं आणि ते मावळलं. परवा उंबराईचा उत्सव होता आणि त्यात हजार पुस्तकं वाटायची होती; एक गठ्ठा मात्र आधीच फुटून गावात फिरत होता. विपुलचं म्हणणं, हजारच्या हजार पुस्तकांतून सतरावं पान फाडा, ‘चित्रे : सावळी’ ही ओळ काळ्या शाईने खोडा, आणि सावळीकाकूंनी सगळ्यांसमोर देवीच्या पायरीवर नाक घासून माफी मागायची. मंडळातले निम्मे लोक तयारही झाले होते. त्याचसाठी चार वाजता देवळात बैठक होती.

“तू ये गो,” काका म्हणाले. “तू छापलाय. तुझा शब्द ऐकतील.”

मी स्कूटर काढली. शेणव्यापर्यंत मी विपुलला ऐकवायची वाक्यं जुळवत होते आणि मला ती फार आवडत होती. शेणवं मागे पडल्यावर मात्र मला सावळीकाकू दुकानात आल्या होत्या तो दिवस आठवला, आणि वाक्यं जुळेनात.

त्या दिवशी काकूंबरोबर त्यांचा म्हातारा होता. तो आत आलाच नाही. पायरीवर बसून राहिला, चित्रांची गुंडाळी छातीशी धरून. मी एकेक चित्र स्कॅन करत होते आणि काकू माझ्या मशीनकडे संशयाने बघत होत्या. इतकी बारीक रेघ कशी काढता, मी विचारलं.

“बांबूची काडी,” काकू म्हणाल्या. “तिचा टोक चावून चावून मऊ करायचा. आधी मीच चावायचे. आता माझं दात गेलं, त्यांचं हायेत. मंग ते चावून देतात.” आणि पायरीकडे बघून हसल्या. “पीठ पण तेच वाटतात. मी निस्ती रेघ मारते.”

मी श्रेयनामावलीचं पान उघडून बसले होते. “काकू, तुमचं नाव टाकते. सावळी, पुढे काय? नवऱ्याचं नाव सांगा.”

काकूंनी पदर तोंडाशी नेला. “घेतलाय ना.”

“काय घेतलंय?”

“त्यांचा नाव. चित्रात घेतलाय. माझ्या नातीनं, रुपानं शिकवला.”

माझ्या डोक्यावर त्या दिवशी तीन लग्नपत्रिका होत्या. काकूंनी चित्राच्या मागे लिहिलं असेल, असं मला वाटलं. सातही कागद उलटून पाहिले. एकावर चहाच्या कपाचा गोल डाग होता, बाकी कोरे. म्हातारीला कळलं नसेल, असं म्हणून मी ‘चित्रे : सावळी’ एवढंच टाइप केलं आणि मोकळी झाले. पायरीवर जाऊन त्या माणसाला विचारायला मला दहा पावलं पडली असती. तेवढीही मी टाकली नाहीत, याची आता लाज वाटते.

बैठक भरली तेव्हा देवळाचा मंडप पुरुषांनी भरला होता आणि बायका बाजूच्या कट्ट्यावर दाटीवाटीने बसल्या होत्या. सावळीकाकू खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांचा म्हातारा दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ. पाड्यावरून दोघे चालत आले होते आणि काकूंनी लग्नाकार्याला नेसतात तसं चांगलं लुगडं नेसलं होतं. त्यांना वाटलं होतं, पुस्तक छापून आलं म्हणून कौतुकाला बोलावलंय.

विपुल उभा राहिला. तिशीचा, पास काढून रोज कल्याणला जाणारा, बोलायला फाकडू. “आमचा देवीला विरोध नाय. आमचा विरोध लपवालपवीला हाय. चित्रात खुर्ची लपवली का नाय, एवढा सांगा. हो का नाय?”

“अरे, तिनं पुस्तक अजून बघितलंच नाय,” कट्ट्यावरून कमळकाकू म्हणाल्या. या कुंडलिककाकांच्या बायको. काकांच्या अध्यक्षपणातला अर्धा आवाज यांचाच असतो. “आधी तिला दाखवा, मंग इचारा.”

कुणीतरी पुस्तक सावळीकाकूंच्या हातात दिलं, सतरावं पान उघडून. काकूंनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

“ही माझी आई नाय,” त्या म्हणाल्या.

मंडपात कुजबुज सुरू झाली.

“माझी आई अशी नाय. परसाद डाव्या हातानं कोन देतो?”

ज्यांच्याकडे पुस्तकं होती त्यांनी ती उघडली. सकाळपासून अख्खं गाव त्या पानावर डोळे फोडत होतं. खुर्ची, शिट्टी, नकाशा, म्हैस, सगळं सापडलं होतं, आणि देवी डाव्या हाताने प्रसाद देते आहे हे एकालाही दिसलं नव्हतं. मलाही नाही.

“बघा!” विपुल ओरडला. “ती सोताच बोलते, चित्र तिचा नाय. म्हणजे कुनीतरी बदलला! कुनी बदलला?”

कुणी बदललं ते मला त्याच क्षणी कळलं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. चित्रातलं माणूस पुस्तकाच्या आत बघत असावं, बाहेर नाही. बाहेर बघणारं माणूस पान सोडून निघाल्यासारखं दिसतं. सतरावं पान उजव्या हाताला येतं आणि काकूंची देवी उजवीकडे बघत होती, म्हणजे पुस्तकाबाहेर. मग मी काय केलं? चित्र आरशात धरल्यासारखं पलटवलं. एक बटण दाबायचं काम. देवी आत बघायला लागली, पान छान दिसलं, मी स्वतःवर खूश झाले आणि कुणाला सांगितलंही नाही. काकांनी प्रूफ तपासलं ते फक्त मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची नावं बरोबर आहेत ना ते बघायला.

खरं सांगते, क्षणभर वाटलं गप्प बसावं. छापखान्यात काहीतरी झालं असेल, म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण सावळीकाकू त्या पानावरून बोट फिरवत होत्या, आपलं हरवलेलं काही चाचपावं तसं, आणि विपुलच्या शेजारच्या माणसाने पानं फाडायला पट्टीसुद्धा आणली होती. ती लांब स्टीलची पट्टी बघून माझं डोकंच फिरलं.

“मी बदललं,” मी म्हटलं. आवाज बारीक आला, म्हणून परत म्हटलं, “मी! चित्र मी उलटं केलं. काकूंचा काही दोष नाही. देवी डावखुरी झाली ती माझ्या हातून. नाक घासायचं तर मी घासते, दाखवा पायरी.”

कुंडलिककाका माझ्याकडे बघतच राहिले. तेरा वर्षांत माझ्या तोंडून त्यांनी हे वाक्य ऐकलं नव्हतं.

विपुल मात्र हटेना. “उलटा केला म्हणून खुर्ची कशी झाली? सुलटा केला तर काय व्हता, सोफा?”

सगळे हसले. मी चिडून म्हटलं, “सुलटं करून बघ मग!” आणि त्याच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. सतराव्या पानाची मागची बाजू कोरी होती. लोकांना चित्र कापून देव्हाऱ्यात लावता यावं, म्हणून काकांनी हट्टाने कोरी ठेवायला लावली होती. कागद पातळ होता. मी मंडपाच्या कडेला गेले, पश्चिमेचं ऊन थेट येत होतं तिथे, आणि ते एक पान उन्हाकडे धरून मागच्या बाजूने बघितलं.

देवी उजव्या हाताने उंबरं देत होती. वर फांदी होती तशीच आडवी. पण आता ती फांदी नव्हती, अक्षरावरची रेघ होती. तिला खुर्ची लटकलेली नव्हती. ‘न’ होता. त्याला काना. मग टेबलाच्या जागी ‘म’, आणि त्यालाही काना. नव्याने लिहायला शिकलेल्या माणसाचं ते जपून, सावकाश काढलेलं अक्षर होतं, फांदीच्या पानांमध्ये असं गुंफलेलं की शोधणाऱ्यालाच दिसावं.

नामा.

मला एकदम दुकानातला तो पदर आठवला. ‘घेतलाय ना. चित्रात घेतलाय.’ म्हातारीला सगळं कळत होतं. कळलं नव्हतं ते मला. नाव घेतलं म्हणजे लग्नात घेतात तसं घेतलं होतं, उखाण्यात. ओव्या काकांच्या, म्हणून तिने आपला उखाणा चित्रात घातला होता. आणि मी नेमकं तिचं घेतलेलं नाव उलटं टांगून त्याची खुर्ची केली होती.

कमळकाकू माझ्या खांद्यावरून डोकावल्या. ओठ हलवत अक्षरं लावली आणि तोंडावर हात ठेवला. “अगो बाय माझे! ही तर नाव घेते!”

कट्ट्यावरच्या बायका एकदम उठल्या. पान हातोहात फिरायला लागलं, प्रत्येक बाई उन्हाकडे धरून बघायची, हसायची आणि पुढच्या बाईच्या हातात द्यायची. पुरुषही मानेवर मान टाकून बघायला लागले. विपुलने पान उन्हाकडे धरलं आणि मोठ्याने सुरू केलं, “ना…”

“विपुल!” कमळकाकूंनी त्याच्या तोंडावर हातच ठेवला. “एक अक्षर बोललास तर बघ. हा नाव तुझ्या तोंडून नाय निघायचा. जिनं घेतलाय तीच बोलेल.”

विपुललाही हसू फुटलं. कमळकाकूंचा हात काढून तो म्हणाला, “बरा, बरा. नाय बोलत. ए, ती पट्टी घरी ने रे.” आणि देवजीकडे बघून, “पान नाय फाडायचा. पन आतमध्ये चिट्ठी लावा कायतरी, नाय तर लोक खुर्चीच बघत बसतील.”

“मला ट्रॅक्टर पायजे व्हता,” देवजी म्हणाला, पण तोही हसत होता.

चिठ्ठी म्हणजे शुद्धिपत्र. मी तिथेच पायरीवर बसले आणि वहीच्या पानावर लिहायला घेतलं. ‘पान सतरावरील चित्र डीटीपी करणारीच्या चुकीमुळे उलटे छापले गेले आहे. भाविकांनी ते उजेडाकडे धरून मागच्या बाजूने पाहावे.’ माझ्याच हाताने माझीच चूक लिहायची ही पहिली वेळ. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. उद्या सकाळी हजार चिठ्ठ्या काढून पाठवते, असा काकांना शब्द दिला.

मग दुसरी ओळ लिहिली, ‘चित्रे : सावळी’, आणि थांबले.

“काकू,” मी म्हटलं, “पुढे काय लिहू? या वेळी नीट विचारते.”

तिथल्या प्रत्येकाला ते नाव माहीत होतं. मलाही आता माहीत होतं. पण कुणी बोललं नाही. सावळीकाकूंनी पदर तोंडाशी नेला, आणि मला वाटलं, झालं, पुन्हा तेच होणार.

दाराशी उभा असलेला म्हातारा एवढा वेळ काही न कळून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. रुपाने आजीला अक्षरं शिकवली होती. आजोबा शिकायला बसले नव्हते. सगळ्या गावाने ते पान वाचलं होतं, आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच ते वाचता येत नव्हतं. तो दोन पावलं पुढे आला.

“काय लिवलाय गो तिथं?” त्याने बायकोला विचारलं. चेहरा काळजीने एवढासा झाला होता. “माझ्या काडीनं काय चुकला का?”

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, असं मला नंतर कमळकाकूंनी सांगितलं. त्रेचाळीस वर्षं ‘अवो’ आणि ‘ऐकला का’, आणि मुलं झाल्यावर ‘पोरांचा बाप’. काकूंनी पदर तोंडावरून खाली सोडला. यमक नाही, ओळ नाही, नुसतं नाव.

“नामा,” त्या म्हणाल्या.

आणि म्हाताऱ्याने, शेतातून कुणी हाक मारावी आणि माणसाने द्यावी तशी, मोठ्याने ओ दिली.